पाण्याबाहेरची रोपं

रविवार, १४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना वर्तमानपत्र वाचू नका म्हणावं. मी मजेत आहे, जरा जास्तच. अंगावरचे कपडे घट्ट होऊ लागलेत.

'इकडे कायमची राहायला कधी येतेस?' असं तू पुन्हा विचारलंयस. सांगते. आधी माझ्या बाल्कनीची बातमी ऐक.

खालच्या मजल्यावरचे घड्याळजी आठवतात ना? बायको गेल्यापासून एकटेच असतात. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून आले की माशांच्या टाकीसमोर बसायचे. हिवाळ्यात ती टाकी तडकली. मासे बादलीत गेले, पण आतली लालचुटुक रोपं उजेडावाचून मेली असती, म्हणून ती माझ्या बाल्कनीत आली. झाकणाच्या ट्रेमध्ये ओली माती भरून आम्ही काड्या खोचल्या आणि झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडत गेलो, हवेची सवय व्हावी म्हणून.

रोपं दोन जातींची होती. "खुणेच्या पट्ट्या लावू या," ते म्हणाले. मी म्हटलं, "कशाला? एक गडद लाल, एक नारिंगी. डोळे मिटून ओळखीन!"

आणि पाण्याबाहेर दोघींनीही लाली सोडली! नवी पानं हिरवीगार, जाडसर, गोल. कोण कुठली, काही कळेना.

"आता फुलाची वाट बघायची," घड्याळजी म्हणाले. "पिवळं आलं तर ती लुडविजिया, गुलाबी तुरा आला तर रोटाला. ओळख पटली की मी आणलेल्या नव्या टाकीत जातील, तोवर तुमच्याकडेच."

मग रोज संध्याकाळी डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून स्वारी बाल्कनीत हजर. चहा होई, गप्पा होत. माझ्या घरात इतकं हसू मी फार वर्षांनी ऐकलं, ताई. त्यातलं निम्मं माझंच होतं.

एका सकाळी बारीकशी कळी दिसली. मी ती खुडून टाकली. मग दुसरी. मग दिसेल ती.

शेवटी परवा त्यांनी शेंडा भिंगाखाली धरला. "बाई, हे किड्याचं काम नाही. किडा इतकं नीट काम करत नाही. हे नखाचं आहे."

मी मान खाली घालून उभी, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसमोर उभी राहायचे तशी.

"फुलं येऊ द्या," ते म्हणाले. "मी नंतरही येईन. यायला काही कारण लागतच असेल, तर लग्न करू."

"या वयात?" मी म्हटलं.

"मग कधी? अजून म्हातारे झाल्यावर?"

ताई, मी हो म्हटलं.

म्हणजे मी तुझ्याकडे राहायला येत नाही. हे एवढं लिहायला मला एवढा कागद लागला. माझ्यासाठी तू खोली रंगवून घेतलीस, खिडकीला पडदे शिवलेस, हे मला भाऊजींनी फोनवर सांगितलंय. रागाव, हक्क आहे तुझा. पण बोलणं टाकू नकोस. आई गेल्यावर शाळेसाठी माझ्या वेण्या तूच घालत होतीस. नोंदणीच्या वेळी माझ्या बाजूने सही कोण करणार, असं घड्याळजींनी विचारलं, तेव्हा मी तुला न विचारताच तुझं नाव सांगून बसले.

येशील ना?

तुझीच, आणि आता थोडी आणखी कुणाचीतरी,
धाकटी