सरांचे उलटे शब्द

४ ऑगस्ट, सोमवार

सर बोलले! सकाळी सव्वासातला. चहाची बशी ओठाला लावली आणि स्पष्ट म्हणाले, "कोल्ड."

चहा नुकताच चुलीवरून उतरवलेला, वाफ निघत होती. तरी मी उठून पुन्हा गरम केला. पुन्हा "कोल्ड" म्हणाले आणि तोंड फिरवलं. जीभ भाजली असणार. पण बोलले तर खरं! लकवा मारल्याला आज अठ्ठेचाळीस दिवस — इतके दिवस नुसतं ऊं ऊं.

लुंबिनीला लातूरला फोन लावला. पोरगी पोस्टाच्या काउंटरवरच रडायला लागली. मला मात्र एक खुपलं. एकतीस वर्षं संसार केला तो मराठीत, आणि पहिला शब्द इंग्रजी. गाव त्यांना सर म्हणतं म्हणून मीही सरच म्हणते, पण त्यांच्या वर्गात मी कधी बसले नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

नांदेडला जाऊन आलो. जीपने, सर मागच्या सीटवर आडवे. भार्गवी मॅडम वयाने लहान आहेत, लुंबिनीएवढ्या. लकवा झालेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांनी नीट समजावलं — सरांना म्हणायचं असतं एक आणि तोंडातून येतं त्याच्या नेमकं उलटं. गरमच्या जागी थंड, मोठ्याच्या जागी लहान. मराठी कधी येईल सांगता येत नाही. मानेवरही भरवसा ठेवू नका म्हणाल्या, हो म्हणायचं तिथे नाही हलते. आणि चिडचिड होणारच.

"तुम्हाला इंग्रजी येतं का थोडं?"

सातवी पास आहे, मी म्हणाले. इंग्रजीच्या मास्तरची बायको, आणि मान खाली घालून बसले.

१० ऑगस्ट

पत्र्याच्या पेटीत त्यांची वही सापडली. वर त्यांच्या सुंदर अक्षरात 'सातवी — विरुद्धार्थी विशेषणे'. एकशे चाळीस जोड्या, इंग्रजीखाली मराठी उच्चार आणि अर्थ. मुखेडची किती पोरं या वहीवर इंग्रजी शिकली! कुणी पुण्याला, कुणी मंत्रालयात.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीही म्हणाले होते, मला शिकवा. पाहुणे बसले होते. सर म्हणाले, "भाकरी थापायला इंग्रजी लागत नाही." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर विचारलं नाही.

आजपासून रोज दोन-तीन जोड्या.

२२ ऑगस्ट

बिग–स्मॉल. हेवी–लाइट. हार्ड–सॉफ्ट. वेट–ड्राय. "ड्राय" म्हणाले की चादर बदलायची. "हंग्री" म्हणाले की पोट भरलं, ताट उचलायचं. बरोबर निघतं!

शेजारची मल्लम्मा दारात उभी राहून ऐकत होती. "अक्का, ह्या वयात शाळा काढून राहिलीस का?" हाव म्हटलं, आणि मास्तर फुकटचा हाय.

११ सप्टेंबर

सत्तर जोड्या पाठ. भाकरी थापताना म्हणते, मुद्दाम. शिकवणारे तेच आहेत, फक्त त्यांना ते माहीत नाही. लुंबिनी फोनवर म्हणाली, आई, तू आमच्या दोघांतली दुभाषी झालीस. लई बरं वाटलं. बाप-लेकीत असं मधे उभं राहायची मला सवय नाही. ती दोघं इंग्रजीत थट्टा करायची आणि मी वाढत असायची.

एवढ्या आजारपणात मला बरं वाटतं याची लाजही वाटते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत. दरवर्षी बुद्धवंदना सर सांगायचे, यंदा खिडकीतून ऐकली. मी पांढरा सदरा घातला त्यांना, डावी बाही आधी, मग उजवा हात उचलून. "हॅपी" म्हणाले. डोळ्यांतून पाणी.

याला वही लागली नाही.

१५ ऑक्टोबर

या महिन्यात नांदेड नाही. जीपवाला नाही म्हणतो आणि एसटीत त्यांना चढवणं माझ्याच्याने होत नाही. मॅडम दिवाळीनंतर या म्हणाल्या. फोनवर विचारतात काय काय बोलले. मी सुलटं करूनच सांगते, त्यांचा वेळ वाचतो.

"छान समजतंय तुम्हाला," म्हणाल्या. मला कुणी असं म्हणून किती वर्षं झाली!

२३ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं नीट लिहून ठेवायचं आहे.

सकाळी मी त्यांच्या उजव्या हाताचा पट्टा बांधत होते. मनगट वाकडं होऊ नये म्हणून बांधतात तो. सर म्हणाले, "टाइट." म्हणजे सैल. आवळला. पुन्हा "टाइट." आणखी एक घर आवळला. मग माझ्या तोंडाकडे एकटक बघत म्हणाले, "स्टुपिड."

हा शब्द मला वहीशिवाय माहीत आहे. पोरांना म्हणायचे. मलाही म्हणायचे — गॅस चालू राहिला की, पाहुण्यांपुढे मी काही बोलून गेले की. पण हे आधीचं झालं. आता उलटं! वही उघडून खात्री केली, एकशे बारावी जोडी. स्टुपिड–क्लेव्हर. समोर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, हुशार.

एकतीस वर्षांनी.

दिवसभर हातून कामं भराभर झाली. मल्लम्माला सांगितलं. लुंबिनीला सांगितलं नाही, तिच्यापुढे लाज वाटली. संध्याकाळी पाडव्याचे राहिलेले दिवे पुन्हा लावले.

६ नोव्हेंबर

टाइट. रोज तेच. पट्टा कितीही आवळला तरी त्यांना सैलच वाटतो. मनगटावर वळ उठलेत. खोबरेल लावलं.

१४ नोव्हेंबर

डाव्या हाताने वाटी उडवली. वरण भिंतीवर. "हंग्री" म्हणाले म्हणून ताट उचललं होतं. मॅडम म्हणाल्याच होत्या, चिडचिड होणार. मी भिंत पुसली.

दंडातून सदरा ढिला झालाय त्यांना.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आजचंही लिहून ठेवते.

नांदेडला मॅडमनी पट्टा सोडला. खाली कातडी सोललेली, बोटं सुजलेली. इतका आवळून का बांधलात म्हणाल्या. मी सांगितलं, तेच टाइट टाइट म्हणतात, म्हणजे सैल.

मॅडमनी चित्रं काढली. बर्फ दाखवला — "कोल्ड." चूल — "हॉट." हत्ती, मुंगी, भरलेला ग्लास, रिकामा ग्लास. वीसपैकी अठरा बरोबर. सगळं सुलटं! मी म्हटलं, आजच झालं का हे?

"नाही ताई. असं एका दिवसात होत नाही. महिना, फार तर सव्वा महिना झाला असेल. पण तुम्ही तर मला फोनवर…"

मी सुलटं करून सांगत होते. सुलटं होतं ते उलटं करून.

म्हणजे हंग्री म्हणत होते तेव्हा भूक होती. मी ताट उचलत होते. महिनाभर माझ्या नवऱ्याने मला इंग्रजीत जेवायला मागितलं आणि मी हुशारीने ताट उचललं! ते ओरडू शकत नव्हते, लिहू शकत नव्हते. एवढे चार शब्द परत मिळाले त्यांना, ते मी फिरवून फिरवून फेकले.

जीपमध्ये त्यांचं डोकं मांडीवर होतं. कंधार मागे पडलं. मग मी म्हणाले, मला माफ करा. ते बाहेर बघत होते.

घरी आल्यावर मऊ भात दिला, दोनदा वाढला. ते जेवत असताना मी ही पानं मागे उलटत गेले. २३ ऑक्टोबर. आजपासून मोजले तर पस्तीस दिवस. महिन्याच्या पलीकडे, सव्वा महिन्याच्या आत. मॅडमना फोन करून नक्की दिवस विचारावा असं तीनदा वाटलं. त्या तरी काय सांगणार?

२८ नोव्हेंबर

पट्टा सैल बांधला. दोन बोटं जातील एवढा. "गुड" म्हणाले. वही पेटीत ठेवून दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज विचारलंच. त्या दिवशी मला स्टुपिड म्हणालात, ते सुलट होतं का उलट?

बराच वेळ ओठ हलत राहिले. मग साडेपाच महिन्यांतला पहिला मराठी शब्द आला, अगदी स्पष्ट.

"सुलट."

मॅडमना फोन केला. म्हटलं, सर आज मराठी बोलले. त्यांना फार आनंद झाला. कोणता शब्द, कोणता शब्द, विचारत राहिल्या.

सांगितला नाही.