संधीत गेलेलं गाव

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वादात दर वेळी मीच जिंकते, आणि त्यात काही मजा राहिलेली नाही. फार दमलेय. आखातातल्या, अल थुमामातल्या या घरात एसीखाली बसून उद्या ऑफिसात काय सांगायचं ते ठरवतेय.

आमचे साहेब नॉर्वेचे, एका किनाऱ्यावरच्या छोट्या गावचे. पूर्वी तिथे सगळं हेरिंग मासळीवर चालायचं. मासळी गेली, गाव बसलं. मग समुद्राखाली गॅस सापडला आणि प्रकल्पाच्या घरपट्टीतून पालिकेनं शाळा बांधली, पोहायचा तलाव बांधला. इथे आखातात मोत्यांचा धंदा गेला, तिथे हेरिंगचा; दोघांनाही गॅसनंच सांभाळलं. तिथल्या नगराध्यक्षीणबाई सभा आटोपून स्वतःची होडी काढायच्या म्हणे. आपल्याकडे गाडी काढायलाही माणूस लागतो.

परवा साहेब कॉफी ढवळत म्हणाले, "शेजारच्या मोठ्या पालिकेत मिसळायचं का, यावर सभेत मत घेतलं. हो म्हटलं आम्ही. रस्ते झाले. नाव मात्र त्यांचं राहिलं, आमचं गेलं."

"संधी," मी मराठीत पुटपुटले.

"म्हणजे?"

व्याकरण कुठे समजावत बसू? म्हटलं, "चान्स."

साहेबांचा चेहरा उजळला. तिथल्या प्रकल्पात येतेस का, असं ते महिनाभर विचारत होते. "म्हणजे येतेयस! यल्ला, चल!" संध्याकाळपर्यंत वरती कळवूनही टाकलं.

लहानपणचं आठवतं: स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसून तांदूळ निवडताय, मी संस्कृतातल्या 'कोऽपि'चा संधी सोडवतेय. "'अपि'मधला अ नेहमी का जातो?" मी विचारते. "कोणीतरी जातंच," तुम्ही म्हणता, "आणि त्याच्यासाठी गळा काढू नकोस. अवग्रहाची खूण ठेवलीय ना त्याच्या जागी!"

आमच्या घरात अवग्रह कोण ठेवणार, अण्णा? लेकीला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. काल तिनं विचारलं, "आई, तिथली भाषा शिकले की मी यातली कुठली विसरायची?" तेही इंग्रजीतच. नवरा म्हणतो, तू म्हणशील ते. म्हणजे उद्या दोष माझा.

उद्या मी हो म्हणणार आहे. साहेबांना त्याच क्षणी थांबवता आलं असतं. "तसं नव्हे" एवढंच म्हणायचं होतं. तेही मी म्हटलं नाही. कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं, याचं मला बरं वाटलं होतं.