मुलांच्या वॉर्डात परत जाण्याचा अर्ज

२ जून, मंगळवार
डॉ. रऊफनी लसींच्या फ्रीजमध्ये अर्धं कलिंगड ठेवलं. दार लागलं नाही. लसी खराब. ठपका माझ्यावर. मेट्रन इन्साफबाई म्हणाल्या, "अरफाकाका, त्या पोराचं करिअर आत्ता कुठे सुरू होतंय. तुम्ही तर सहा महिन्यांत निवृत्त. करा कबुलीवर सही." केली. कुणीतरी मोठेपणा दाखवायला हवाच. डॉक्टरांनी कलिंगडाची फोड दिली. रागाने अर्धीच खाल्ली.

३ जून
शिक्षा लागली. एकतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स, आता गेटवर बसून भेटीचे पास द्यायचे. एकच आठवडा, असं बाई म्हणाल्या. तेवढ्यात वॉर्ड कोलमडेल. माझ्याइतका हलका हात सगळ्या दमियाट शहरात नाही. मुद्दाम पांढरा कोट घालून बसलो. एकाने कँटीनवाला समजून दोन चहा सांगितले.

१० जून
आठवडा झाला. बोलावणं नाही. वॉर्ड कोलमडल्याचं लपवत असतील. ठरलं! थेट डायरेक्टरसाहेबांना अर्ज. एकदम सडेतोड. शाळा कधीच सुटली, पण लेखणी सुटलेली नाही.

१२ जून, शुक्रवार
सुट्टी. अर्ज लिहिला, चार पानं. रीतीप्रमाणे आधी सलाम, मग साहेबांची तब्येत, त्यांच्या वडिलांना जन्नत, दुरुस्त झालेली लिफ्ट, बागेतली नवी झाडं. बायकोने, बदरियाने, वाचून विचारलं, "यात तक्रार कुठंय हो?" म्हटलं, चौथ्या पानाच्या शेवटी बघ. "तिथे 'आपला कृपाभिलाषी' आहे." कागद संपला होता. मी म्हणालो, मोठ्या माणसांना न लिहिलेलंही दिसतं. "त्यांना एवढं कलिंगड दिसलं नाही," ती म्हणाली. बायकांना ऑफिसचं कामकाज कळत नाही.

१४ जून
अर्ज दिला. साहेबांनी समोरच वाचला. डोळे ओले झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंडी काही सांगण्याची गरजच पडली नाही. परतीचा हुकूम उद्या-परवा. कोट धुवायला टाकला.

१७ जून
साहेबांनी अर्ज मिटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. इन्साफबाई स्वतः गेटवर सांगायला आल्या. "साहेब म्हणाले, शिक्षा झालेला माणूस, पण कुरकुर नाही! शिका जरा." मग कागद दिला. 'कर्मचारी गेटवर समाधानी असल्याने निवृत्तीपर्यंत तेथेच.' मी तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "आभार नकोत, काका."
शिक्का मात्र छान उमटलाय.
बदरियाला सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२० जून, दुपारी
छोटी हबीबा आली. दर महिन्याला रक्त चढवायला येते. तिची आई गयावया करत होती. "अरफाकाका, वर चला ना. पाच मिनिटं. तुमच्याशिवाय कुणाला हात देत नाही ही." समजावलं, की आता माझ्यावर अख्ख्या गेटची जबाबदारी आहे, जागा सोडता येत नाही. पास दिला. पोरगी जिना चढेपर्यंत मागे बघत होती.
मुलांचा वॉर्ड गेटच्या बरोबर वर आहे. तिसऱ्यांदा सुई टोचली असणार. रडण्यावरून कळतं मला.
खिडकी लावून घेतली. धूळ फार येते.