आईने मागितलेली मोची

मिसुझू,

तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितोय. आई इस्पितळात आहे. तिचे कपडे घ्यायला घरी आलो होतो, आता परत निघालोय.

पक्षाघातानंतर तीन महिने मी तिला सगळं वाटूनच भरवलं, अगदी मासासुद्धा. आज बागेत फुलं बघायला जायचं म्हणून ती खुशीत होती. म्हणाली, "अहो, आज एक अख्खी मोची द्या ना. लापशीचा वीट आलाय." मी दिली. तांदळाच्या त्या चिकट गोळ्याचा घास घशात अडकला.

श्वास चालू आहे, पण ती डोळे उघडत नाही.

सांभाळणाऱ्या बाईंना बोलू नकोस, त्या आज आल्याच नव्हत्या. चावताना आई हसून म्हणाली होती, "आत्ता कुठे जेवल्यासारखं वाटतंय." डॉक्टरांना हे सांगितलं नाही. तुला सांगतोय.

बाबा