उतारापुरती शांतता

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात खुशाली थोडकी आणि माझी खरडपट्टी पानभर. माझ्या कानांचा आता फोनवर काही भरवसा उरला नाही, म्हणून तू अजून कागदावर रागावतेस. बहिरेपणाचा एवढा तरी फायदा.

तू विचारतेस, निवृत्त माणसाला ही साहेबी गाडी कशाला. अगं, घेतली ती हौसेने. एका कंपनीच्या मोठ्या साहेबाने वापरून टाकलेली, लांबलचक, गडद निळी, आणि नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्त. दार लावलं की जाड शब्दकोश मिटल्यासारखा आवाज व्हायचा. त्या आवाजालाच मी भुललो. जन्मभर वजनमापांच्या खात्यात दुकानदारांचे काटे तपासले आणि स्वतःच्या खरेदीला काटा लावला नाही, असं तुझी वहिनी म्हणते, ते खोटं नाही.

पण घेतली हौसेने, तरी ठेवली आहे गरजेने. हे तुला लिहायचं टाळत होतो. तुझ्या वहिनीची हाडं आतून पोखरली आहेत. डॉक्टर म्हणतात, खडूसारखी झाली आहेत. टेकडीवरच्या इस्पितळात तिला दर आठवड्याला न्यावं लागतं. एकदा रिक्षाने नेलं, तर घरी येईपर्यंत तिने ओठ चावून रक्त काढलं होतं. अँब्युलन्सचं तर नावही काढू देत नाही. म्हणते, मी बसून जाणार आणि बसून येणार, आडवी नेलेली बाई बघायला लोक दारात उभे राहतात. या गाडीची पुढची सीट छान मागे रेलते. तिथे उशा लावून ती बसते आणि काचेतून झाडं मोजत जाते. म्हणून गाडी विकायची नाही. लेकीनेही तुझ्या वहिनीला फोन करकरून गाडी विकण्याचं टुमणं लावलंय, तिलाही हेच कळवलं.

पेट्रोल मात्र चढतंच आहे. पंपावर आकडे पळायला लागले की मी समोरच्या झाडाकडे बघतो आणि शाळेतली एखादी कविता मनात म्हणतो. कविता संपते, टाकी काही भरत नाही.

मेहुण्यांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो खरडपट्टीतूनही दिसतो.

तुझा,
दादा


दि. १३ फेब्रुवारी

ती. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

वहिनीचं वाचलं आणि गाडीवरून रागावले त्याची लाज वाटली. हे आधी का नाही रे लिहिलंस? तुझ्या मागच्या पत्रात चांदण्यावर दीड पान होतं आणि वहिनीवर एक ओळ, की ती जरा थकली आहे. जरा! तुझी भाषा मेली नेहमीच अशी, जखमेवर झालर लावणारी.

यांच्याशी बोलले. तुला माहीतच आहे, हे जन्मभर बसडेपोत ड्रायव्हर आणि शेवटी नव्या ड्रायव्हरांना शिकवायला. ते म्हणतात, अशी मोठी गाडी म्हातारी झाली की पांढरा हत्तीच. नवी असताना साहेबाला शोभते, जुनी झाल्यावर साहेबालाच परवडत नाही म्हणून तर तो विकतो. पण वहिनी तिच्यात बसून जाते म्हटल्यावर तेही म्हणाले, मग राहू दे. यांच्या डोळ्याचं ऑपरेशन या आठवड्यात आहे. डोळा बरा झाला की आम्ही दोघं तिकडे येतो. हे गाडी चालवतील, मी वहिनीला धरून बसेन, तू मागे बसून हव्या तेवढ्या कविता म्हण.

तोवर गाडीच्या बाबतीत स्वतःचं डोकं चालवू नकोस. तू डोकं चालवलंस की काय होतं ते आईच्या शिवणयंत्राला विचारावं. डोक्याला लावायचं तेल ओतलं होतंस त्यात.

वहिनीला माझ्यातर्फे जवळ घे. लाजू नकोस.

तुझी,
ठकू


दि. २ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मेहुण्यांचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. म्हणावं, पट्टी काढल्यावर पहिल्यांदा ठकूकडे बघू नका, डोळ्यावर एकदम ताण नको.

इकडे पेट्रोल पुन्हा वाढलं, विम्याचा हप्ताही. मिस्त्रीने गाडी वर उचलून खालून टॉर्च मारला आणि नुसती मान हलवली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आजाऱ्यासमोर अशी मान हलवू नये. टायर गुळगुळीत झालेत. शिवाय इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती रबरं दबलीत, म्हणून सगळी गाडी थरथरते. या गाडीची रबरंही साहेबी, लांबून मागवावी लागतात. दोन्ही एकदम झेपण्यासारखं नव्हतं. टायर घातले, रबरं पुढे ढकलली. थरथरीने कुणी मरत नाही, असं मिस्त्रीला म्हणालो.

आता एक गंमत ऐक. माझी जुनी स्कूटर तुला आठवते ना? उतार लागला की पेट्रोल वाचवायला मी इंजिन बंद करायचो. मागे तुझी वहिनी, नवीन लग्न झालेलं, आणि वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही. तेवढ्यात मी एक कविता म्हणून घ्यायचो. गेल्या खेपेला इस्पितळातून उतरताना एकाएकी ते आठवलं. गिअर मोकळा केला, किल्ली एक घर मागे घेतली. ठकू, काय सांगू! एवढं मोठं धूड, पण पाण्यावरून हंस जावा तसं खाली आलं. थरथर नाही, घरघर नाही. मी शाळेतली कविता चालीवर म्हटली, गुरुजी म्हणायचे तशी, यतीवर थांबत. वहिनीने डोळे मिटले होते. तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. चौकात इंजिन सुरू केलं तेव्हा म्हणाली, उतार आणखी थोडा लांब हवा होता.

काल पुन्हा गेलो, तर उतार यायच्या आधीच तिने आठवण केली, की किल्ली फिरवा. आता पुढच्या खेपेला कोणती कविता म्हणायची, एवढाच विचार माझ्या डोक्यात आहे. औषधांनी जे जमलं नाही ते चार कडव्यांनी जमतंय. पेट्रोल वाचतं ते वेगळंच. मेहुण्यांना ही युक्ती सांग. डेपोत कुणाला सुचली नसेल.

लोभ तर तुझा आहेच. आज कौतुकही कर.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. घाईत लिहिते आहे.

तुझं पत्र यांना वाचून दाखवत होते, यांच्या डोळ्यात अजून औषध चालू आहे म्हणून. उताराची गोष्ट आली आणि यांनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग असे ओरडले की शेजारीण डोकावून गेली.

दादा, स्कूटर वेगळी रे. या गाडीच्या ब्रेकला इंजिनाचा जोर लागतो. इंजिन बंद केलंस की एक-दोनदा दाबेपर्यंत उरलासुरला जोर पुरतो, मग ते पेडल दगड होतं. स्टिअरिंग जड होतं. किल्ली आणखी एक घर मागे गेली तर स्टिअरिंग जागच्या जागी अडकतं. आजवर त्या उतारावर तुला कुणी आडवं आलं नाही, म्हणून तुझी कविता पुरी झाली, असं हे म्हणतात.

पत्र पोचेपर्यंत मला धीर निघेना. लगेच फोन लावला, तो वहिनीने उचलला. तिला सगळं सविस्तर सांगितलं. हे मागून ओरडत होते तेही तिने ऐकलं. तिने शब्द न शब्द मला परत म्हणून दाखवला आणि म्हणाली, सांगते. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. टेलिफोनच्या बोर्डावर तिची सगळी नोकरी गेली, तिच्याकडून कधी कुणाचा निरोप राहिला नाही. तरीही लिहून पाठवते, कारण तू ऐकलेलं विसरतोस, वाचलेलं नाही.

माझ्यावर रुसायचं तर रुस, पण ती किल्ली फिरवू नकोस. यांना डॉक्टरांनी परवानगी दिली की आम्ही निघालोच.

तुझीच,
ठकू


दि. २१ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शेजाऱ्यांनी लेकीला कळवलं आणि लेकीने तुला, हे मला समजलं. हे पत्र इस्पितळातल्या बाकावर बसून लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर मेहुण्यांच्या नव्या डोळ्यांची मदत घे.

किल्ली फिरवून उतरताना गतिरोधकांवर मी नेहमीसारखा ब्रेक दाबला. वळणापलीकडे रस्त्याच्या कामाची माणसं खडी पसरत होती. पुन्हा दाबला, तर मेहुण्यांनी सांगितलं तसाच दगड. दोन्ही पायांनी दाबला. मग होतं नव्हतं ते बळ लावून गाडी कडेच्या भिंतीवर घातली. त्या माणसांना काही झालं नाही. मलाही नाही. गाडीचा एक दिवा फुटला आणि पत्रा चेपला. तुझ्या वहिनीच्या जागी दुसरं कुणी असतं तर कपडे झटकून खाली उतरलं असतं. तिची मांडी आणि कंबर मोडली. ही हाडं आता जुळायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तिला गाडीतून आडवीच काढली आणि आता ती आडवीच राहील. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला घरी गेलो, तेव्हा तुझं पत्र दाराच्या आत पडलेलं होतं. उभ्याउभ्याच वाचलं. तू फोन केला होतास हे मला त्यातून कळलं.

मी ते तिला विचारायला नको होतं. पण विचारलं. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, बिछान्यावर हाडं टोचतात, गाडीत थरथर हाडांत शिरते, फक्त त्या उतारावर आपल्याला अंग आहे हेच विसरायला व्हायचं. कविता तिने एकदाही धड ऐकली नव्हती. नुसता माझा आवाज येतोय एवढं कळायचं, म्हणाली. मी म्हटलं, अगं, पण निरोप आला होता, मला सांगायचंस तरी. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं.

रस्त्यावरची माणसं तिच्या मनातच आली नव्हती. तेवढ्यासाठी ती रडली, स्वतःसाठी नाही.

आता कामाचं लिहितो. लेक परवा पोचते आहे. ती आल्या आल्या विचारणार, हे असं झालंच कसं. तुझ्या फोनचं तिला आज ना उद्या कळणारच. म्हणून मी तिला आधीच कळवलं आहे, की आईने मला निरोप दिला होता, मीच हट्टाने ऐकलं नाही. पोलिसांनाही तसंच लिहून दिलं आहे. तू आणि मेहुणे हेच सांगा. लेक माझ्याशी काही दिवस बोलणार नाही, कदाचित पुढेही बोलणार नाही. ते मी सोसेन. पण आईच्या उशाशी बसून तिने आईकडे त्या नजरेने बघायला नको.

मिस्त्री म्हणतो, गाडी दुरुस्त होईल. मी ती मोडीत घालायला सांगितली आहे.

तुम्ही आलात की तिच्याकडे फोनचा विषय काढू नका. आणि ठकू, आल्या आल्या मला रागव. तिच्या खाटेशी उभी राहून, तिला नीट ऐकू जाईल असं, लेकीच्या देखत. वहिनीने बजावलं होतं तरी ऐकलं नाहीस, असं म्हण. मला कमी ऐकू येतं, तेव्हा आवाज चढवायला हरकत नाही.

लोभ असू दे, पण तिथे तो दाखवू नकोस.

तुझा,
दादा