पुनवेचा नारळ

स्टॉकहोम,
ऑगस्ट १९९३

आये,

समुद्रापल्याडच्या तुझ्या परशुरामाचा तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. धाकट्या शेवंतीने हे पत्र मोठ्याने आणि काही न गाळता वाचून दाखवावं.

मी मजेत आहे. इथे मासे मिळतात, पण त्यांना आपल्या खाडीचा वास नाही.

काल कॉन्फरन्समध्ये बोललो. अर्धवट कामावरही बोलू देतात, फक्त घंटा वाजली की थांबायचं. मी सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरने नुसतं बरोबर उत्तर देऊन भागत नाही, ते वेळेतच द्यावं लागतं. ओहोटी लागल्यावर होडी कितीही नीट ढकलली तरी चिखलातच बसते, तसं. सगळे हसले, पण त्यांना पटलं. मला मात्र तिथे उभ्या उभ्या आपल्या चेंदणीचं बंदर दिसायला लागलं.

मग एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, "वेळ टळलीच, तर त्या उत्तराचं तुम्ही काय करता?" मी म्हटलं, त्यावर अजून काम चालू आहे. तेवढ्यात घंटा वाजली.

यंदा पुनवेचा नारळ कोणी सोडला? बाबांचा हात अजून कापतो का? होडीवर त्यांच्याबरोबर कोण असतं?

"पुनवेला येशील ना रे?" असं तू विचारलेलं पत्र टपालात कुठेतरी रखडलं आणि पुनव झाल्यावर माझ्या हातात पडलं. रोज वाचतो. "हो, येतो" हे उत्तर माझ्याकडे तयार आहे, आये. त्याचं आता काय करायचं, तेच काल त्या प्रोफेसरांना मला सांगता आलं नाही.

तुझाच,
परशा