तुमचं मत आणि माझं

प्रिय बाबा,

नांतला सुखरूप पोचले. पायाची सूज उतरली का? पुन्हा शिडीवर चढू नका. चर्चची पन्हळ गळते तर गळू दे.

सभेत काय झालं ते फर्मँकाकांनी एव्हाना सांगितलंच असेल. तुम्हाला उठता येत नव्हतं म्हणून तुमचं मत माझ्यावर सोपवलंत. पंचायतीत तुमच्या वतीने मी गावाच्या विलीनीकरणाला "नाही" म्हटलं, बजावलं होतंत तसंच. मग सदस्य म्हणून माझी पाळी आली आणि मी "हो" म्हटलं. त्या एका मतावर आपलं व्होब्रेल शेजारच्या बेलफोंमध्ये गेलं.

फर्मँकाका ओरडले, "वा गं ओदिल! ज्या तोंडाने बापाचं मत, त्याच तोंडाने बापाविरुद्ध?" मी बाहेर पडले. आपल्या स्वयंपाकघरात दिवा दिसत होता, तरी मी तशीच बसमध्ये चढले.

तुमच्यानंतर सरपंच व्हायला कुणी तयार नाही, असं मी सभेत म्हणाले. ते खरंच आहे. पण गावाची कामं करताना तुम्ही पुन्हा पडलात तर मला नोकरी सोडून गावी यावं लागेल, ही भीती मी कुणाला सांगितली नाही.

शनिवारी येतेय. हवं ते बोला, पण माझंही ताट मांडा.

तुमचीच,
ओदिल